बारामती–इंदापूर भागातील दुभत्या जनावरांचे आरोग्य आणि ऋतुमान

१. विषयाची मांडणी

दुभत्या जनावरांच्या आरोग्याचा विचार करताना वर्षाचे उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तीन भाग पाडावयाचे आणि प्रत्येक ऋतूत कोणते रोग आढळतात याची यादी द्यावयाची, ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ही पद्धत सोयीची असली तरी तिच्यात एक मोठी उणीव आहे. रोग ज्या ऋतूत दिसतो त्याच ऋतूत त्याचे कारण असते, आणि म्हणून उपायही त्याच ऋतूत करावयाचा असतो, असा समज तिच्यामुळे नकळत दृढ होतो. वस्तुस्थिती पुष्कळदा याहून निराळी असते. जुलै-ऑगस्टात गाय वारंवार उलटते, तिचे मूळ मे-जूनच्या उष्णतेत असते. श्रावणात कासदाह होतो, त्याचा जंतू वैशाखात गाय आटवताना सडात शिरलेला असू शकतो. पावसाळ्यातील गोचीडतापाची बीजे उन्हाळ्यात गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत निवांत पडून असतात.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात हा विचार स्पष्ट करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा भाग निवडण्याचे कारण असे की, येथे ऋतूंचे नैसर्गिक चक्र आणि कालवा, ऊस व संकरित गाय यांनी निर्माण केलेले मानवी चक्र ही एकमेकांत गुंतलेली आहेत. हा गुंता उकलल्यावाचून येथील जनावरांच्या रोगांचे वेळापत्रक समजत नाही.

२. प्रदेश : आकाशाचे पाणी व कालव्याचे पाणी

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील वार्षिक पाऊस सरासरीने सुमारे ५०० मिलिमीटर असून तो अत्यंत बेभरवशाचा आहे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर जुलै-ऑगस्टात पुष्कळदा मोठी उघडीप पडते आणि खरा जोर सप्टेंबरात दिसतो. म्हणून हा मुलूख मुळात रब्बी ज्वारीचा, कडब्याचा आणि मेंढरांचा.

१८७६-७७ च्या दुष्काळाने या स्थितीत बदल घडवून आणला. त्या दुष्काळानंतर हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला व त्याच्या लाभक्षेत्रात ऊस उभा राहिला. पुढे वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर या ठिकाणी साखर कारखाने निघाले. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यावर इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व कडेलाही जलाशयाचे पाणी आले. तथापि दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ गावे आजही कालव्याच्या वरच्या अंगास असून ती केवळ पावसावर व विहिरींवर अवलंबून आहेत. बारामतीचा पश्चिमोत्तर भाग हे त्याचे ठळक उदाहरण होय.

कालव्याबरोबर काही अनिष्ट गोष्टीही आल्या. नीरा खोऱ्यातील पाणथळ व क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मॅन व ताम्हाणे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. हा प्रश्न सामान्यतः पिकांच्या दृष्टीने पाहिला जातो. परंतु पाझराचे डबके, चारीच्या कडेचे हिरवे गवत आणि त्यावरील गोगलगाई हे जनावरांच्या आरोग्याचेही प्रश्न आहेत. ज्या प्रदेशात आकाश आठ महिने कोरडे असते, त्या प्रदेशात वर्षभर ओली राहणारी जागा कालव्याने निर्माण केली. त्यामुळे कोरड्या मुलखाचे व ओल्या मुलखाचे रोग येथे एकाच शिवारात एकत्र आले आहेत.

३. गोधन : खिलारापासून संकरित गाईपर्यंत

या भागाचे पारंपरिक जनावर म्हणजे शेजारच्या माणदेशाशी नाते सांगणारे खिलार. ते उन्हास काटक व शेतकामास उत्तम, पण दुधास बेताचे. दुधासाठी घरोघर म्हैस असे. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनची स्थापना केली आणि होल्स्टीन व जर्सी या जातींच्या रेतनाने संकर करण्याच्या कार्यास पुणे जिल्ह्यात मोठी चालना मिळाली. १९७१ मध्ये बारामती येथे कृषी विकास प्रतिष्ठान स्थापन झाले. सहकारी दूध संस्था वाढल्या, पुढे खाजगी प्रक्रिया-कारखानेही आले. आज या दोन तालुक्यांतील दुधाचा व्यवसाय प्रामुख्याने होल्स्टीन संकरित गाईवर उभा आहे.

या बदलाचा आर्थिक अर्थ लक्षात घेतला पाहिजे. आडसाली ऊस लागणीपासून तोडणीपर्यंत सोळा ते अठरा महिने घेतो आणि त्याचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात. दुधाचे पैसे मात्र बहुधा दर दहा दिवसांनी हाती येतात. किराणा, मुलांची फी, औषधपाणी व मजुरी हा सर्व चालू खर्च याच पैशांतून भागतो. कोरडवाहू गावात तर दोन-तीन गाई हाच नगदी उत्पन्नाचा एकमेव नियमित मार्ग असतो. अशा घरात एक गाय सडातून गेली, किंवा तीन माज वाया जाऊन ६३ दिवस अधिक भाकड राहिली, तर ती केवळ पशुवैद्यकीय घटना राहत नाही. ते त्या कुटुंबाच्या अंदाजपत्रकातील खिंडार असते.

संकरित गाय ज्या थंड देशांतील रक्त घेऊन आली, तेथील तिच्या पूर्वजांना बारामतीचा चैत्र व येथील गोचीड या दोन्ही गोष्टी अपरिचित होत्या. तिची दूध देण्याची शक्ती व तिची नाजूकता ही एकाच वारशाची दोन अंगे आहेत. म्हणून खिलारासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ऋतुमानाचे आडाखे तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

४. उन्हाळा : उष्णतेचा ताण व त्याची लांबणारी छाया

गाईच्या शरीराचे तापमान साधारणतः ३८.५ अंश सेल्सिअस असते. कोठीपोटात चाऱ्याचे किण्वन होताना व कासेत दूध तयार होताना शरीरात मोठी उष्णता निर्माण होते. म्हणून जितके दूध अधिक, तितकी बाहेर टाकावयाची उष्णताही अधिक. बाहेरची हवा गाईच्या अंगाइतकीच तापली म्हणजे घाम व श्वास यांच्याद्वारे होणारे बाष्पीभवन हाच काय तो मार्ग उरतो, आणि हा मार्ग हवेतील ओलाव्यावर अवलंबून असतो.

म्हणूनच केवळ तापमान न पाहता तापमान-आर्द्रता निर्देशांक पाहण्याची पद्धत पडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७१ साली दिलेले सूत्र या कामी पुष्कळदा वापरतात. हा निर्देशांक ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईवर ताण येऊ लागतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. अधिक दूध देणाऱ्या गाईंत हा ताण ६८ च्या सुमारासच सुरू होतो, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले.

या सूत्राने काही उदाहरणे मांडून पाहिली तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश व आर्द्रता ३० टक्के असेल तर निर्देशांक सुमारे ८४ येतो. जूनच्या अखेरीस तापमान ३० अंशांवर उतरले, पण आर्द्रता ८० टक्के झाली, तर तो सुमारे ८३ येतो. माणसाला हायसे वाटते, पण गाईच्या दृष्टीने फारसा फरक पडलेला नसतो. रात्रीची तुलना याहूनही बोलकी आहे. एप्रिलच्या रात्री २२ अंश व ४५ टक्के आर्द्रता असता निर्देशांक ६७ ते ६८ पर्यंत उतरतो, म्हणजे गाईला दिवसभराची उष्णता बाहेर टाकण्यास अवधी मिळतो. पावसाळ्याच्या आरंभी रात्री २६ अंश व ८५ टक्के आर्द्रता असता तो ७७ राहतो, आणि हा विसावाच नाहीसा होतो. या निर्देशांकात वारा व ऊन यांची गणना नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. या भागात आषाढात वाहणारा जोराचा पश्चिमी वारा मोकळ्या गोठ्यातील गाईला पुष्कळ साहाय्य करतो, पण तीन बाजूंनी भिंती असलेल्या गोठ्यातील गाय त्याला मुकते.

यावरून व्यवस्थापनाचा एक सरळ नियम निघतो. एप्रिल-मे मधील कोरड्या हवेत अंगावर पाणी फवारणे व फवाऱ्याबरोबर पंखा लावणे हे उत्तम काम देते. तोच फवारा दमट हवेत बंद गोठ्यात सुरू ठेवला तर हवेतील ओलावा वाढून तो अपायकारक ठरतो. तेव्हा भर वाऱ्यावर द्यावा, फवाऱ्यावर नव्हे. म्हशीच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी असल्याने तिला डुंबणे किंवा अंगावर पाणी घेणे ही चैन नसून गरज आहे. उन्हाळ्यात संकरित गाईला दिवसाला ८० लिटर वा त्याहून अधिक पाणी लागू शकते. ते सावलीत, सतत व गार मिळाले पाहिजे. दिवसातून दोनदा पाण्यावर नेण्याची जुनी चाल येथे पुरी पडत नाही.

उष्णतेचे तात्कालिक परिणाम सर्वांस दिसतात. गाय धापा टाकते, चारा कमी खाते, दूध व त्यातील स्निग्धांश घटतात. दुधाचा दर स्निग्धांश ३.५ व स्निग्धेतर घनपदार्थ ८.५ या प्रमाणावर बांधलेला असल्याने दुधाची घट व दराची घट असा दुहेरी फटका बसतो. परंतु न दिसणारे परिणाम याहून गंभीर आहेत, आणि ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला परिणाम प्रजननावर होतो. उष्णतेत माज मुका राहतो व थोडा वेळ टिकतो. शिवाय आज बाहेर पडणारे स्त्रीबीज त्यापूर्वी सहा-सात आठवडे वाढत असते. त्या काळात त्याला उष्णतेची इजा झाली असेल तर हवा थंड झाल्यावरही गर्भ राहत नाही. म्हणून पाऊस पडून गारवा आल्यानंतरही गाय उलटत राहते आणि शेतकरी रेतनाला दोष देतो. दुसरा परिणाम भाकड गाईवर होतो. दूध देत नाही म्हणून ती उन्हात बांधली जाते, सावली दुभतीसाठी राखली जाते. परंतु पुढच्या वेतासाठी कासेतील दुग्धपेशींची वाढ याच काळात होत असते. भाकडकाळात उष्णतेचा ताण सोसलेल्या गाई पुढील वेतात कमी दूध देतात, असे फ्लोरिडा येथील प्रयोगांत वारंवार आढळले आहे. तिसरा परिणाम पोटातील वासरावर होतो. अशा गाईचे वासरू हलके जन्मते व चिकातून मिळणारी रोगप्रतिकारद्रव्ये त्याच्या अंगी कमी प्रमाणात लागतात. मे महिन्यातील सावलीचा हिशेब मांडताना पुढील वर्षाचे दूध व पुढची पिढी ही दोन्ही त्यात धरली पाहिजेत.

५. पावसाळा : उन्हाळ्यात पेरलेले रोग

पावसाळ्यातील रोगांत गोचीडजन्य ताप हा संकरित गाईचा सर्वांत घातक शत्रू होय. थायलेरिया या रक्तातील परजीवीचा प्रसार हायलोमा जातीच्या गोचिडांमार्फत होतो. भरपूर ताप, कानाखालील व खांद्यापुढील गाठी सुजणे, रक्तक्षय आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यू, असा त्याचा क्रम आहे. देशी जनावरे या परजीवीशी पुष्कळ अंशी जुळवून घेतात, संकरित जनावरे तसे करू शकत नाहीत. बुपारवाक्वोन हे औषध गुणकारी आहे, परंतु ते महाग असून लवकर दिले तरच उपयोगी पडते.

या ठिकाणी गोचिडाचा जीवनक्रम समजून घेणे आवश्यक आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी जनावरावरून गळून पडते, भिंतीच्या अथवा जमिनीच्या भेगेत शिरते आणि तेथे हजारो अंडी घालते. म्हणजे कोणत्याही वेळी जनावरावर दिसणारी गोचिडे ही एकंदर संख्येचा लहानसा भाग असून बहुसंख्य गोचिडे गोठ्यातच असतात. पावसाळ्यात फक्त जनावराच्या अंगावर औषध फवारणे म्हणजे ओसंडणाऱ्या हौदाचे पाणी पुसत राहून तोटी उघडी ठेवणे होय. मार्च ते मे या काळात भिंतींच्या भेगा ज्योतयंत्राने भाजणे, त्या चुना-सिमेंटने लिंपणे व गव्हाणीखालची माती उकरून काढणे हा खरा उपाय आहे. मुक्त संचार गोठ्यात भेगांच्या भिंतीच कमी असतात. तेथे कोंबड्या सोडल्या तर त्याही गोचिडे टिपतात. हे काम कोरड्या दिवसांतले आहे, पाऊस लागल्यावर त्याची वेळ टळलेली असते.

घटसर्प व फऱ्या हे जंतुजन्य रोग पहिल्या पावसानंतर उद्भवतात. त्यांच्या लसी फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत. लस टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यात टोचलेली लस उपयोगी पडते व जुलैत टोचलेली पुष्कळदा उशिरा ठरते. डास व चिलटे यांच्यामुळे होणारा तीन दिवसांचा ताप, म्हणजेच तिवा, सामान्यतः आपोआप बरा होतो. परंतु ऐन दुधातील गाय त्यात बसली तर त्या वेतातील दूध पूर्वपदावर येत नाही.

लम्पी चर्मरोगाचे उदाहरण अलीकडचे आहे. हा रोग भारतात २०१९ मध्ये प्रथम आढळला, २०२० मध्ये महाराष्ट्रात आला आणि २०२२ च्या पावसाळ्यात त्याने राज्यभर उग्र रूप धारण केले. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देऊन साथ आवरण्याचा प्रयत्न झाला, तसेच जनावरांचे बाजार व वाहतूक यांवर निर्बंध घालावे लागले. चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडे यांच्याद्वारे हा रोग पसरत असल्याने त्याची लसही पावसापूर्वीच दिली गेली पाहिजे. साथ आल्यावर मोहीम काढावयाची, की साथीचा ऋतू येण्यापूर्वी, हा या ठिकाणी खरा प्रश्न आहे.

कासदाहाचा विचार वर आलाच आहे. चिखल, शेण व ओली जमीन यांमुळे पावसाळ्यात सडावाटे जंतू शिरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. धार काढल्यानंतर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते. त्या वेळी गव्हाणीत चारा टाकून गाय उभी ठेवणे व सड आयोडिनच्या द्रावणात बुडवणे हे साधे उपाय फार मोलाचे आहेत. परंतु व्याल्यावर पहिल्या महिन्यात होणाऱ्या कासदाहाचा पुष्कळसा भाग भाकडकाळात शिरलेल्या जंतूंमुळे असतो. जुलैत विणारी गाय मे महिन्यात आटवली जाते. आटवताना चारही सडांची तपासणी करून पशुवैद्याच्या सल्ल्याने सडात औषध सोडणे हा उपाय मे महिन्याचा आहे, त्याचे फळ मात्र ऑगस्टात मिळते.

पावसाळ्यातील आणखी एक दुर्लक्षित बाब म्हणजे बुरशी. सरकीची व शेंगदाण्याची पेंड, मका व भिजलेला कडबा यांवर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. त्याचा काही अंश दुधात उतरतो. दुधातील या विषाची मर्यादा भारतीय मानकांनी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी ठेवली आहे. म्हणजे पेंडीचे पोते जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवण्याचा प्रश्न दूध पिणाऱ्या मुलाच्या आरोग्याशी जोडलेला आहे.

६. गळीत हंगाम : वाढे, बैल आणि व्याण

हिवाळा हा गाईच्या दृष्टीने सर्वांत सुखकर ऋतू. निर्देशांक ताणाच्या मर्यादेखाली राहतो, चारा मुबलक असतो व दूध वाढते. दूधधंद्याच्या परिभाषेत हाच पुष्टकाळ होय, आणि दूध वाढले की दर उतरण्याचा अनुभवही याच काळात येतो. परंतु या भागात हिवाळा हा साखर कारखान्यांचा गळीत हंगामही असतो व त्याचे दोन परिणाम जनावरांवर होतात.

पहिला परिणाम चाऱ्याचा. ऊसतोड सुरू झाली की वाढे स्वस्त व विपुल मिळतात आणि अनेक गोठ्यांत चार-पाच महिने तोच मुख्य चारा होतो. वाढ्यांत प्रथिने कमी असतात आणि ऑक्झलेट हा घटक असतो. तो चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, संयोग पावून त्याचे शोषण रोखतो. हळूहळू सवय झाल्यास कोठीपोटातील सूक्ष्मजीव ऑक्झलेटचे विघटन करू लागतात, त्यामुळे वाढे हे विष नव्हे. परंतु एकदम व केवळ वाढेच चारले तर दुभत्या गाईच्या हाडांतील कॅल्शियमचा साठा खर्ची पडत जातो. त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. तो क्षीणता, माज न येणे व पुढील व्याणाच्या वेळच्या अडचणी यांच्या रूपाने उशिरा प्रकट होतो. वाढ्यांची कुट्टी करून ती मका, मेथीघास अथवा कडब्याबरोबर मिसळणे आणि खनिज मिश्रण नियमित देणे हा यावरचा मार्ग आहे.

याच संदर्भात दुग्धज्वराचा उल्लेख केला पाहिजे. व्याल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत, विशेषतः तिसऱ्या वेतापासून पुढे, अधिक दुधाच्या गाईच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटते व ती मान पोटाकडे वळवून बसते. नाव ज्वर असले तरी अंग थंड पडते. शिरेतून कॅल्शियम दिल्यास ती उठते. परंतु प्रतिबंधाची वेळ व्याण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांची असते. त्या दिवसांत गाभण गाईला भरपूर मेथीघास व कॅल्शियम देत राहिल्यास हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्त राहते व ऐन गरजेच्या वेळी ती काम देत नाही. दुभत्या गाईला हितकारक असलेला चारा भाकड गाईला अहितकारक ठरू शकतो, ही गोष्ट अनेक गोठ्यांत ध्यानात घेतली जात नाही.

दुसरा परिणाम जनावरांच्या ये-जा करण्याचा. गळीत हंगामासाठी बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर आपल्या बैलांसह येतात व कारखान्याच्या परिसरात राहतात. निरनिराळ्या भागांतील जनावरे एका पाणवठ्यावर आली की लाळ्या-खुरकुतासारखे रोग पसरण्यास वाव मिळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमानुसार या रोगाची लस सहामाहीने देण्याची योजना आहे. परंतु स्थानिक गाईला लस देऊन बाहेरून येणारा बैल तसाच राहिला, तर ते संरक्षण अपुरे राहते. त्या बैलाला लस देण्याची योग्य वेळ सप्टेंबरची व योग्य जागा त्याचे स्वतःचे गाव ही आहे. म्हणजे येथे कारण व परिणाम यांत केवळ ऋतूचेच नव्हे, तर जिल्ह्याचेही अंतर पडते. या बाबतीत बैलाच्या मालकास दोष देणे अयोग्य होय. तो बैल हाच त्याचा संसार असतो व त्याच्या आजाराची झळ सर्वांत आधी त्यालाच लागते.

कालव्याच्या कडेचा प्रश्नही याच ऋतूत मूळ धरतो. पाऊस ओसरल्यावर जनावरे चारीच्या व पाझराच्या काठच्या हिरवळीवर चरतात व गोगलगाईंमार्फत वाढलेल्या पर्णकृमींची बाधा त्यांना होते. हगवण, जबड्याखालील सूज व रोडावणे ही लक्षणे मागाहून दिसतात. तेव्हा चारा कमी असल्याने रोडावण्याचे खापर उपासमारीवर फोडले जाते.

७. व्याणाचा महिना हाही व्यवस्थापनाचा विषय

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा व म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत भरलेली गाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात विते. तिचे भर दुधाचे दिवस थंडीत येतात व पुन्हा भरण्याची वेळ उष्णतेपूर्वीच येते. याउलट सप्टेंबर-ऑक्टोबरात भरलेली गाय जून-जुलैत विते. तिचा भाकडकाळ ऐन उन्हाळ्यात येतो आणि वीत चिखलात सुरू होते. म्हैस लहान दिवसांत, म्हणजे साधारणतः सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात, अधिक माजावर येते, म्हणून तिची व्याणे पावसाळ्यात व त्याच्या शेवटी एकवटतात.

सर्व गाई ऑक्टोबरातच व्याव्यात असा आग्रह धरता येणार नाही, कारण मग उन्हाळ्यातील कृशकाळात, जेव्हा दर बरा असतो, तेव्हा घरात दूध राहणार नाही. दोन-तीन गाईंच्या गोठ्यात व्याणे विभागलेली असणेच कुटुंबास सोयीचे असते. मुद्दा एवढाच की, रेतन करण्याच्या दिवशी शेतकऱ्याने नऊ महिन्यांनंतरचा ऋतू डोळ्यांपुढे आणावा आणि त्या ऋतूची तयारी त्या दिवसापासून मोजावी.

चाऱ्याचाही हिशेब असाच पुढचा आहे. तीन गाईंना उन्हाळ्याचे १२० दिवस प्रत्येकी २० किलो मुरघास द्यावयाचा तर ७,२०० किलो मुरघास लागतो, व त्यासाठी साधारण १३ घनमीटरचा खड्डा पुरतो. खरिपाचा मका चिकाच्या अवस्थेच्या अखेरीस असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो भरावा लागतो. एप्रिलमध्ये चारा संपल्यावर मुरघासाची चर्चा निरर्थक होय. १९७२, २०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांनी असे दाखवून दिले की, चाऱ्याची टंचाई उन्हाळ्यात जाणवत असली तरी ती मागील सप्टेंबरातच ठरलेली असते.

८. कामांचे वार्षिक वेळापत्रक

वरील विवेचन एकत्र केले असता या भागासाठी कामांचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

जानेवारी-फेब्रुवारी : गाई भरवण्याकडे विशेष लक्ष, गाभण तपासणी, वाढ्यांबरोबर खनिज मिश्रण, चारीकाठी चरणाऱ्या जनावरांची शेणतपासणी व जंतनाशक.

मार्च-एप्रिल : लाळ्या-खुरकुताची लस, गोठ्यातील भेगा भाजणे व लिंपणे, कडब्याची गंज पावसापासून सुरक्षित रचणे, सावलीची सोय भाकड जनावरांसाठीही.

मे : घटसर्प, फऱ्या व लम्पी यांच्या लसी, आटवताना सडांची तपासणी व औषध, छपराची डागडुजी व मुत्रीच्या नाल्यांचा उतार.

जून ते ऑगस्ट : फवाऱ्याऐवजी वाऱ्याची सोय, कोरडी बैठक, सडांची निगा, पेंडीची साठवण. पहिल्या पावसावरील कोवळी ज्वारी जनावरांस चारू नये, कारण तिच्यात हायड्रोसायनिक आम्लाचे विष असते.

सप्टेंबर-ऑक्टोबर : लाळ्या-खुरकुताची दुसरी लस, मुरघास भरणे, ऑक्टोबरात विणाऱ्या गाईंच्या चाऱ्यात तीन आठवडे आधी बदल.

नोव्हेंबर-डिसेंबर : वाढ्यांची हळूहळू सवय, बाहेरून आलेल्या जनावरांशी पाणवठा वेगळा ठेवणे, लहान वासरांना थंडीपासून आडोसा व पुरेसा चीक.

हे वेळापत्रक पाहिले असता असे दिसते की, प्रत्येक महिन्यातील बहुतेक कामे पुढील ऋतूसाठी आहेत. चालू ऋतूसाठी करावयाची कामे थोडी असून तीही मुख्यतः निगराणीची आहेत.

९. विस्तारकार्य व संशोधन यांच्या दृष्टीने

आपल्या पशुवैद्यकीय सेवेची घडण मुख्यतः रोग झाल्यावर उपचार करण्याची आहे. शेतकरीही जनावर आजारी पडल्याखेरीज खर्च करीत नाही, आणि त्याचा दोष केवळ अज्ञानाला देता येणार नाही. मे महिन्यात ज्याच्या हाती पैसा नसतो व दूध कमी असते, त्याला न दिसणाऱ्या ऑगस्टातील रोगासाठी खर्च करावयास सांगणे सोपे नाही. प्रतिबंधाचा खर्च कृशकाळात येतो आणि त्याचा लाभ नंतर मिळतो, ही खरी अडचण आहे. पुष्टकाळातील दुधाच्या बिलातून थोडी रक्कम बाजूस काढून ती उन्हाळ्यातील प्रतिबंधक कामांसाठी परत देण्याची व्यवस्था दूध संस्थांना करता येण्यासारखी आहे. गोठ्यातील बरीचशी कामे स्त्रिया करतात. माज प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतो, सडातील बदलही प्रथम त्यांच्याच हातास कळतो. तरीही मार्गदर्शनाच्या सभा पुरुषांच्या सोयीच्या वेळी भरतात. ही विसंगती दूर झाल्यास पुष्कळ लाभ होईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात करण्यासारखे बरेच आहे. माळेगाव खुर्द येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था याच तालुक्यात असल्याने हवामानविषयक अभ्यासास येथे चांगला आधार आहे. गोठ्याच्या आतील तापमान-आर्द्रता निर्देशांक व बाहेरील निर्देशांक यांत कोणत्या महिन्यात किती अंतर पडते, कालव्याखालील गावे व कोरडवाहू गावे यांतील रोगांच्या महिन्यांत काही नियमित फरक आहे काय, वाढ्यांचे प्रमाण व पुढील व्याणातील अडचणी यांचा संबंध किती निकट आहे, हे प्रश्न एका गावाच्या दूध संस्थेच्या वह्या, रेतनाच्या नोंदी व दवाखान्याची नोंदवही एकत्र ठेवून वर्ष-दोन वर्षांत तपासता येण्याजोगे आहेत. मात्र या नोंदी मांडताना रोगाच्या तारखेपुढे केवळ त्या महिन्याचे हवामान न लिहिता त्यापूर्वीच्या तीन-चार महिन्यांचे हवामान, चारा व जनावराची अवस्था लिहिली जावी. तसे न केल्यास कारण नेहमी चुकीच्या महिन्यात शोधले जाईल, आणि उपायासाठी योग्य असलेला महिना दरवर्षी रिकामाच जाईल.